छपाई बिघडली? आधी कागद वाचा!

रविवारची रात्र. साडेनऊ वाजून गेलेले. सकाळी शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचा आहे आणि प्रिंटरमधून जो नकाशा बाहेर आला त्यातला समुद्र चक्क गुलाबी! झाडे पिवळी. चिरंजीव रडकुंडीला आलेले. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि संगणकावर 'हेड क्लीनिंग'चे बटण दाबले. एकदा, दोनदा, तीनदा... सहाव्यांदा चाचणीचा कागद काढला तेव्हा निळ्या रंगाची एकही रेघ उमटली नाही.

"संपला हा प्रिंटर. आता नवीनच घ्यावा लागणार," बाबा हताश होऊन म्हणाले.

इतका वेळ बाजूला उभी असलेली आई वाकून प्रिंटरच्या कडेला पाहत होती. "अहो, पण निळ्या टाकीत शाई कुठे आहे? खालच्या रेघेच्याही खाली गेलीय!"

असा प्रसंग कमीअधिक फरकाने पुष्कळ घरांत घडतो. छपाई फिकी पडली, पांढरे पट्टे आले किंवा एखादा रंग गायब झाला की 'नोझल चोक झाले' असे म्हणून लोक मोकळे होतात आणि सफाईचा सपाटा लावतात. त्यात शाई जाते, वेळ जातो आणि कधीकधी बरा होऊ शकणारा प्रिंटरही जातो. वास्तविक बिघाड नेमका कुठे आहे हे प्रिंटर स्वतःच कागदावर छापून देत असतो. तो कागद वाचायला शिकले की निम्मे काम झाले.

केसाहून बारीक छिद्रे

इंकजेट प्रिंटरच्या हेडवर शेकडो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांनाच नोझल म्हणतात. प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहून बारीक असते आणि त्यातून उडणारा थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा असतो. एक मिलिलिटर शाईत शंभर कोटी पिकोलिटर मावतात. म्हणजे चार पिकोलिटरचा एक थेंब धरला तरी एक मिलिलिटरमधून पंचवीस कोटी थेंब निघतील. इतक्या बारीक वाटेत शाईचा कण वाळला किंवा हवेचा बुडबुडा अडकला, तर थेंब उडणार कसा?

हा थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत शाई क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीतील इचिरो एंडो यांनी पाहिले, की सोल्डरिंगची तापलेली सळई चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यातूनच ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत एचपी कंपनीनेही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली आणि १९८४ मध्ये 'थिंकजेट' हा प्रिंटर बाजारात आणला. दुसऱ्या रीतीत उष्णता नसते. वीज मिळताच किंचित वाकणारा एक स्फटिक शाईवर दाब देतो. एप्सनने १९९३ मध्ये 'स्टायलस ८००' या प्रिंटरमध्ये हे तंत्र घराघरांत पोचण्याजोगे केले.

गृहिणीला किंवा दुकानदाराला हा इतिहास कशाला हवा, असे वाटेल. पण उपाय त्यावरच ठरतो. एचपी आणि कॅननच्या अनेक लहान प्रिंटरांत नोझल कार्ट्रिजवरच असतात. कार्ट्रिज बदलले की नोझलही नवे मिळतात. एप्सन आणि ब्रदरच्या घरगुती प्रिंटरांत हेड यंत्रातच कायमचे बसवलेले असते. तिथे कार्ट्रिज बदलून किंवा टाकी भरून नोझल काही नवे होत नाहीत. काही टाकीवाल्या मॉडेलांत हेड वेगळे असते आणि बदलता येते. आपला प्रिंटर यांपैकी कोणता, हे पुस्तिकेत आधी पाहून ठेवावे.

दुखणी दोन, लक्षणे वेगळी

पहिले दुखणे म्हणजे छिद्र बुजणे. इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची असते. तिच्यात रंग आणि लवकर वाळू नये म्हणून घातलेली द्रव्ये असतात. प्रिंटर महिनोन् महिने बंद राहिला की छिद्राच्या तोंडाशी असलेले पाणी उडून जाते आणि रंग तिथेच चिकटतो. काही शायांत रंग पूर्ण विरघळलेला असतो, तर काहींत रंगाचे अतिबारीक कण तरंगत असतात. काळी शाई पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारची असते आणि ती वाळली की हट्टाने चिकटते.

दुसरे दुखणे शाई न पोचण्याचे. छिद्र स्वच्छ असते, पण मागून शाईच येत नाही. टाकी रिकामी झालेली असते, नळीत हवा शिरलेली असते, नळी दबलेली असते किंवा कार्ट्रिजला हवा घेण्यासाठी ठेवलेले भोक बंद असते. डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट ओतले जात नाही, दुसरे पाडले की धार लागते. इथेही तसेच. शाई बाहेर जायची तर तिच्या जागी हवा आत यायला हवी.

पहिल्या दुखण्यावर सफाई हा उपाय आहे. दुसऱ्यावर मात्र तीच सफाई अपाय ठरू शकते. सफाईच्या वेळी एक छोटा पंप हेडखालच्या रबरी टोपीतून शाई ओढतो. टाकीत शाई नसेल तर तो हवा ओढणार! वरच्या प्रसंगात नेमके हेच झाले. सुरुवातीला निळ्याच्या बऱ्याच रेघा तुटत होत्या, सहा सफायांनंतर उरल्यासुरल्या रेघाही गेल्या.

कागदावरचे निदान

प्रत्येक इंकजेट प्रिंटरमध्ये नोझल तपासण्याचा नमुना छापण्याची सोय असते. संगणकावरील प्रिंटरच्या 'मेंटेनन्स' विभागात ती सापडते. अनेक मॉडेलांत संगणकाशिवाय, प्रिंटरवरचीच बटणे ठरावीक पद्धतीने दाबूनही हा नमुना निघतो. कागदावर प्रत्येक रंगाच्या बारीक पायऱ्या, जाळी किंवा पट्ट्या छापल्या जातात. असे दोन कागद लागोपाठ काढावेत आणि शेजारी शेजारी ठेवून उजेडात पाहावेत. पिवळ्या रेघा पांढऱ्यावर दिसत नाहीत, म्हणून निळ्या पारदर्शक जिलेटीन कागदातून पाहावे. त्यातून पिवळा काळपट दिसतो आणि तुटलेली रेघ लगेच ध्यानात येते.

आता लक्षणे पाहू.

दोन्ही कागदांवर त्याच जागी, तीच रेघ तुटलेली असेल तर त्या जागचे नोझल बुजले आहे असे समजावे. इथे सफाईचा उपयोग होतो.

पहिल्या कागदावर एका जागी आणि दुसऱ्यावर भलत्याच जागी रेघ तुटत असेल, तर छिद्र बुजलेले नाही. शाईत हवा आहे किंवा शाई अपुरी येते आहे. हा फरक सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका इकडेच कुणी लक्ष देत नाही.

नमुना व्यवस्थित येतो, पण रंगीत चित्राचे पान वरून गडद आणि खाली येता येता फिके होते, तर शाईचा पुरवठा मागणीला पुरत नाही. थोडे थांबून पुन्हा छापले की पान परत गडद सुरू होते. टाकीची पातळी, कार्ट्रिजवरची न काढलेली चिकटपट्टी आणि दबलेली नळी या तीन गोष्टी तपासाव्यात. टाकीवाल्या काही जुन्या मॉडेलांना प्रवासात शाई सांडू नये म्हणून एक कुलपी चावी असते. घर बदलल्यावर ती 'बंद'वरच राहिली तर हेच लक्षण दिसते!

एखादा रंग संपूर्ण गायब असेल, तर प्रथम शाई आहे का ते पाहावे. टाकीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहावे, संगणकावरच्या चित्रावर विसंबू नये. अनेक प्रिंटर टाकीतली शाई प्रत्यक्ष मोजत नाहीत, वापराचा केवळ हिशेब ठेवतात. शाई असूनही रंग येत नसेल तर नळीत हवा असण्याचा संभव मोठा. हेडसह येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये मात्र त्याचे तांब्याचे संपर्कबिंदू मळलेले असू शकतात.

पिवळ्याच्या जागी हिरवट पट्टी आली तर रंग एकमेकांत मिसळले आहेत. लागोपाठच्या सफाईनंतर किंवा हेडखालची टोपी मळली की असे होते. दोन-चार रंगीत पाने छापल्यावर ते बहुधा निवळते. न निवळल्यास टाकीत चुकीची शाई तर ओतली गेली नाही ना, हे आठवून पाहावे.

आणि सर्वांत शेवटचे. नमुना अगदी निर्दोष आहे, तरी छपाई वाईट येते. मग नोझलला हात लावू नये. रेघा दुहेरी किंवा दातेरी दिसत असतील तर 'अलाइनमेंट' बिघडली आहे. छपाईची प्रत 'ड्राफ्ट'वर ठेवलेली असेल किंवा साधा कागद घालून संगणकावर फोटोचा कागद निवडलेला असेल, तरी रंग बिघडतात. फक्त झेरॉक्स काढतानाच उभी रेघ येत असेल तर वरची काच पुसावी. पावसाळ्यात कागद दमट होतो, त्यावर शाई पसरते आणि अक्षरे जाडी भरडी दिसतात. तिथे दोष कागदाच्या गठ्ठ्याचा असतो.

सफाई किती वेळा?

निदान 'छिद्र बुजले' असे निघाले, तर टाकीत पुरेशी शाई आहे याची खात्री करून साधी सफाई एकदा करावी आणि लगेच नमुना काढावा. आधीच्या कागदाशी ताडून पाहावे. रेघा भरत असतील तर दुसरी, फार तर तिसरी सफाई करावी. प्रत्येक कागदावर क्रमांक आणि वेळ लिहिण्याची सवय ठेवावी.

तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबावे. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पण हा विश्रांतीचा काळ म्हणजे उपचाराचाच भाग आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. निर्मात्यांच्या पुस्तिकांतही मॉडेलनुसार १२ किंवा २४ तास थांबण्याची सूचना असते. तेवढ्या वेळात नवी शाई वाळलेल्या शाईला मऊ करते आणि बुडबुडे जागा सोडतात. सकाळी पुन्हा नमुना काढावा. रात्री तुटलेल्या रेघा सकाळी आपोआप जुळलेल्या दिसणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

'डीप' किंवा 'पॉवर' क्लीनिंग हा त्यानंतरचा उपाय. त्यात शाई भरमसाट जाते. पुस्तिकेत सांगितलेली पातळी टाकीत असल्याखेरीज तो करूच नये, आणि एकदा केल्यावर लगोलग पुन्हा करू नये.

ही वाया जाणारी शाई जाते तरी कुठे? प्रिंटरच्या पोटात शोषक बोळ्यांची एक गादी असते, ती तिच्यात जिरते. किती शाई गेली याचा हिशेब प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा भरली की काम थांबवतो. मग ती गादी बदलून घ्यावी लागते. काही मॉडेलांत त्यासाठी घरीच बदलता येणारी पेटी असते. म्हणजे उगाच केलेल्या प्रत्येक सफाईने शाईचा खर्च होतो, शिवाय गादीचे आयुष्यही घटते.

सफाई करूनही नमुना दर वेळी अधिकच वाईट येत असेल आणि टाकी भरलेली असेल, तर हेडखालची रबरी टोपी नीट बसत नसावी किंवा पंप ओढत नसावा. हे मात्र घरी उघडून पाहण्याचे काम नाही.

कार्ट्रिजवरच हेड असेल तर

अशा प्रिंटरात एक घरगुती उपाय करता येतो. कार्ट्रिज काढून धागे न सुटणारे मऊ कापड चौपदरी घडी करावे. ते कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करून त्यावर नोझलची बाजू दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवावी, नंतर कोरड्या कापडावर हलकेच टिपावी. शाईचा स्पष्ट ठसा उमटला तर वाट मोकळी झाली. संपर्कबिंदू वेगळ्या कापडाने पुसावेत आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच कार्ट्रिज बसवावे.

नळाचे पाणी वापरू नये. बोअरवेलचे तर नाहीच, कारण त्यातले क्षार छिद्रातच बसतात. टाचणी, सुई, टूथब्रश यांना इथे मज्जाव आहे. छिद्र एकदा ओरखडले की थेंब वाकडा उडतो आणि तो दोष कायमचा राहतो. यंत्रात बसवलेल्या हेडवर सिरिंजने जोर लावून पाणी सोडण्याचे प्रयोगही टाळावेत. पाणी विजेच्या भागांत गेले तर सर्वच संपते.

आणखी एक पथ्य. तापवून थेंब उडवणारे कार्ट्रिज संपले असताना छापत राहू नये. शाईच त्या तापणाऱ्या भागाला थंड ठेवते. शाई नसताना तो जळून गेला की कार्ट्रिज पुन्हा भरूनही उपयोग होत नाही. पुन्हा भरलेली कार्ट्रिजे लवकर निकामी होतात त्याचे हेही एक कारण आहे.

भिंतीवरच्या बटणाची सवय

आपल्याकडे काम संपले की बोर्डावरचे बटण बंद करण्याची चांगली सवय आहे. पंखा, दिवा, टीव्ही यांना ती ठीक. प्रिंटरला मात्र तीच बाधते. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत जाऊन रबरी टोपीवर बसते. जणू पेनाला टोपण लागते. बोर्डावरून एकदम वीज तोडली तर हेड मध्येच उघडे राहू शकते. टोपण न लावलेल्या पेनाचे काय होते, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

म्हणून आधी प्रिंटरचे बटण दाबावे, दिवा पूर्ण विझू द्यावा, मगच बोर्डावरचे बटण बंद करावे. छापता छापता वीज गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून रीतसर बंद करावा.

आठवड्यातून एकदा तरी सर्व रंग असलेले एखादे छोटे चित्र छापावे. त्याला लागणारी शाई एका सफाईच्या मानाने नगण्य असते. प्रिंटर पंख्याच्या थेट झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही काळजी अधिक घ्यावी, कारण सुटीत मंडळी गावाला जातात आणि प्रिंटर महिनाभर बंद राहतो. कार्ट्रिज काढून उघडे ठेवू नये. टाकी खालच्या रेघेला टेकायच्या आत भरावी आणि दोन वेगळ्या जातींच्या शाया एकाच टाकीत मिसळू नयेत.

मेकॅनिककडे जाताना

इतके करूनही गुण आला नाही, तर मेकॅनिकला बोलवावे. पण रिकाम्या हाताने नव्हे. क्रमांक आणि वेळ लिहिलेले नमुन्याचे कागद त्याच्यापुढे ठेवावेत. आजारी माणसाचे जुने रिपोर्ट डॉक्टरांना दाखवतात, तसेच हे. 'हेड गेले' असे उत्तर आले तर कोणत्या कागदावरून ते म्हणता, असे शांतपणे विचारावे. हेडची किंमत कित्येकदा नव्या प्रिंटरच्या जवळपास जाते. तेव्हा हा प्रश्न विचारायला संकोच कसला?

तर, त्या रविवारच्या रात्री आईच्या सांगण्यावरून निळ्या टाकीत शाई भरली गेली आणि प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करून सगळे झोपले. सकाळी पहिल्या नमुन्यात निळ्याच्या निम्म्या रेघा परतल्या. एका सफाईनंतर दोनच तुटलेल्या उरल्या. संध्याकाळी त्याही जुळल्या. प्रकल्पाची पाने मात्र सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातूनच काढावी लागली, आणि बाबा ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचले.

नवा प्रिंटर घ्यायचा बेत मागे पडला. नमुन्याचे ते आठ कागद आईने टाचून प्रिंटरच्या पुस्तिकेतच ठेवले आहेत. पहिल्यावर पेन्सिलीने लिहिले आहे, 'आधी टाकी बघणे.'